सिकंदरचा दमसास

७८६
कोल्हापूर, १० जानेवारी १९७७

प्रिय सलिमाआपा,
सलाम. छोटी कशी आहे? अब्बा तिला बघून आल्यापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिच्या नाकाचं वर्णन ऐकावं लागतंय. शिंपी कात्रीला धार लावून घ्यायला येतो आणि नातीचं कौतुक ऐकून जातो.

मोठी बातमी आहे. मुंबईच्या सोराब मिलचा फुटबॉल संघ तुला माहीत आहे. दुल्हाभाई कधीकधी पेपरात वाचतात तोच. त्यांची माणसं कोल्हापुरात आली आहेत, आणि या वेळी ती खेळायला आलेली नाहीत, पोरं निवडायला आली आहेत. कॉलेजच्या संघांतली निवडक पोरं त्यांनी शिबिराला बोलावली, त्यात मी आहे. आमच्या निशाण तालमीच्या फुटबॉल संघातून मी एकटाच. जो निवडला जाईल त्याला मिलमध्ये कायमची नोकरी आणि मिलच्या संघात जागा. पुढच्या फळीत एकच जागा रिकामी आहे. त्या जागेवर माझा डोळा आहे आणि गडमुडशिंगीच्या कृष्णातचाही. कृष्णात माझ्याच वर्गात आहे, आम्ही एका डब्यातलं खातो, त्यामुळं जरा अवघड झालंय.

मिलचे प्रशिक्षक गणपतराव म्हणून आहेत, पलटणीतून आलेले. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओळीत उभं करून म्हणाले, "कोल्हापूरच्या पोरांच्या पायात खेळ हाय हे मला कुणी सांगाय नको. त्यो नव्वद मिनिटं टिकतोय का, ते मला मोजून बघायचंय." म्हणजे धावणं मोजणार, उडी मोजणार, स्टेडियमच्या पायऱ्या चढून उतरून दम किती लागतो ते मोजणार. रोज संध्याकाळी निकाल फळ्यावर लावतात. शेवटी डॉक्टरची तपासणी.

अब्बांच्या डोळ्यांत सहाणेची कणी जाऊन जाऊन डाव्या डोळ्यानं आता फारसं दिसत नाही. ते बोलत नाहीत, पण कात्री उजव्या डोळ्याजवळ धरतात. माझी मुंबई झाली तर दुकान बंद करायला सांगणार आहे. दुवा कर.

तुझा
सिकंदर

*

इचलकरंजी, १३ जानेवारी

सिकू,
दुवा. तुझं पत्र ह्यांनी कारखान्यातनं येताना आणलं. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी लगेच गूळखोबरं वाटलं शेजारी. मी बाळंतीण, घराबाहेर पडायचं न्हाय, न्हायतर आजच्या गाडीनं आले असते.

पण वाचल्यापासनं एक गोष्ट मनातनं जाईना झालीय. तू तिसरीत व्हतास तवा तुला ताप आलता. गुडघं सुजलं, ते उतरलं की कोपरं सुजली. तुला चादर बी सहन होईना अंगावर. तू ते विसरला असशील, मी न्हाय विसरले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं अम्मीला सांगितलं व्हतं, ह्या पोराला सांधेताप झालाय, ह्यानं काळजाची झडप खराब होती, महिन्याची सुई चुकवू नका. अम्मी तुला दर महिन्याला हाताला धरून न्यायची. मग अम्मी गेली आणि सुई बी गेली. मी तवा चौदा वर्साची. घरात भाकरी कोण करणार हीच फिकीर व्हती, सुईचं कुणाच्या ध्यानात राहतंय.

आणि अम्मी कशानं गेली? तेच की. घाटावरनं धुणं घेऊन वर येताना चारदा बसायची. डॉक्टर म्हणाले व्हते, तिला बी लहानपणी हेच झालेलं असणार.

तू पळतोस, खेळतोस, अल्लाच्या मेहेरबानीनं तुला काय झालं न्हाय. तरी त्या तपासणीच्या डॉक्टरला ही गोष्ट सांग. तो बघंल आणि म्हणंल, काय न्हाय, जा. मग माझा बी जीव भांड्यात पडंल.

तुझी आपा

*

कोल्हापूर, १८ जानेवारी

प्रिय आपा,
सलाम. आधी निकाल ऐक. शंभर मीटरमध्ये मी पहिला. कृष्णात दुसरा. जागेवरून लांब उडीत तो पहिला, मी दुसरा. रोवलेल्या झेंड्यांच्या मधून वळणं घेत पळायचं असतं, त्यात मी सगळ्यांच्या इतका पुढं होतो की गणपतरावांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे का म्हणून. पुन्हा पळायला लावलं, पुन्हा तसंच. फळ्यापुढं पोरांची गर्दी होती. तालमीतनं वस्ताद भाऊसो मुद्दाम आले होते. फळ्यावर माझं नाव बघून कुणाशी न बोलता निघून गेले. त्यांचं कौतुक असंच असतं.

काल स्टेडियमच्या पायऱ्या आणि लांबची दौड झाली. त्यात मी जरा मागं पडलो. शेवटच्या फेरीला डोळ्यांपुढं अंधारी आली, सकाळी काही खाल्लं नव्हतं म्हणून. कृष्णात पहिला आला. गणपतरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, एवढा वेग असणारा गडी शेवटी एवढा का ढेपाळतो? मी म्हटलं, पोटात काही नव्हतं. ते म्हणाले, "तीस तारखेच्या रविवारी परत पळायचंय. त्या दिवशी खाऊन ये." तर आता सगळं त्या रविवारच्या दौडीवर आणि त्यानंतरच्या सामन्यावर आहे.

तपासणीला डॉ. धोंडीराम कांबळे म्हणून आहेत, तरुणच आहेत. त्या जुन्या तापाचं तू उगीच मनात घेऊ नकोस. ज्याचं काळीज खराब आहे तो शंभर मीटरमध्ये पहिला येईल का, तूच सांग.

सिकंदर

*

इचलकरंजी, २० जानेवारी

सिकू,
अम्मी बी हेच म्हणायची. सकाळी काय खाल्लं न्हाय म्हणून अंधारी आली. मी तिच्याफुडं भाकरीचा तुकडा धरायची आणि ती हसून म्हणायची, खाते की, आधी बसू दे. तुझं पत्र वाचताना मला तिचाच आवाज ऐकू आला.

तू मला इचारलंस, काळीज खराब असलेला पहिला येईल का? मला ठावं न्हाय. मी सातवी शिकलेली बाई. पण लांब पळताना तूच का मागं पडलास, कृष्णात का न्हाय पडला, हे सुदिक तूच सांग. तुम्ही एका डब्यातलं खाताय म्हणतोस. मग तो बी उपाशीच व्हता की.

डॉक्टरला सांग. तू सांगितलंस असं मला उलट टपालानं कळव. न्हायतर मी सांगीन. मी गंमत करत न्हाय.

आपा

*

कोल्हापूर, २५ जानेवारी

आपा,
तपासणी झाली. आम्हांला रांगेत उभं केलं, शर्ट काढायला लावले. डॉक्टरनी नळी छातीला लावली, पाठीला लावली. लहानपणी काही मोठं दुखणं, असं विचारलं. मी नाही म्हटलं. ते पुढच्या पोराकडं गेले. संपलं. मी पास आहे.

आता मी काय म्हणतो ते शांतपणे वाच. समजा, तू म्हणतेस तसं काही असलंच, तर ते आत्ता सांगून काय होणार? ते मला त्याच क्षणी घरी पाठवतील. अब्बांच्या दुकानात मी सहाण फिरवीत बसेन. तेच मी मुंबईला गेलो, नोकरी कायम झाली, तर मिलचा स्वतःचा दवाखाना आहे. तिथं मीच जाईन आणि सगळं तपासून घेईन, तुला शब्द देतो. आधी दारातनं आत तर जाऊ दे. गरिबाच्या पोराला दुखणं झालं की तो नुसता दुखणाईत होतो. नोकरीवाल्याला झालं तर त्याचा इलाज होतो. हे तुला इचलकरंजीत बसून दिसत नाही.

अब्बांना मी काही बोललेलो नाही आणि तूही बोलायचं नाही. अम्मीच्या नावानं सांगतो, रविवारच्या आत तू कुणाला एक अक्षर लिहिलंस तर तुला भाऊ नाही असं समज.

सिकंदर

*

इचलकरंजी, २८ जानेवारी

डॉक्टर कांबळेसाहेब यांना,
सलिमा फक्रुद्दीन मोमीन हिचा नमस्कार. मी आपल्या ओळखीची नाही. शिबिरातला सिकंदर अल्लाउद्दीन शिकलगार हा माझा पाठचा भाऊ आहे. आपण त्याला लहानपणचं दुखणं विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला. ते खोटं आहे. तो तिसरीत असताना त्याला सांधेताप झाला होता आणि सरकारी दवाखान्यात महिन्याची सुई चालू होती. ती पुढं बंद पडली. आमची आई काळजाच्या दुखण्यानं गेली, ती चौतीस वर्षांची होती. मागच्या लांब दौडीत त्याला अंधारी आली.

टपालानं हे पत्र रविवारच्या आत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून माझे मालक कामावर खाडा करून घेऊन येत आहेत. मी बाळंतीण आहे, नाहीतर मीच पाया पडायला आले असते. सासूबाई म्हणतात, माहेरच्या भानगडीत पडू नको, भावाचं नशीब तू का मोडतेस. त्यांचंही खरं असेल. माझी एवढीच विनंती आहे की त्याला पळवायच्या आधी परत एकदा तपासा. काही नसलं तर त्याला पळू द्या, आणि मग तो माझ्याशी जन्मभर बोलला नाही तरी चालेल. मी लिहिलं हे त्याला सांगू नका.

आपली
सलिमा

*

कोल्हापूर, ३० जानेवारी

सौ. सलिमाबाई,
स. न. तुमचं पत्र मला आज सकाळी मैदानावरच मिळालं. मुलं पायाला पट्ट्या बांधत होती. तुमचे यजमान पहाटेच्या गाडीनं आले होते. मी कुठं उभा आहे ते विचारत विचारत ते माझ्यापर्यंत आले तेव्हा दौड सुरू व्हायला थोडाच अवकाश होता.

मी गणपतरावांना दौड थांबवायला सांगितली आणि सिकंदरला कपड्यांच्या खोलीत नेलं. त्याला आधी जागेवर उड्या मारायला लावल्या, मग बाकावर डाव्या कुशीवर झोपवून नळी लावली. त्या दिवशी रांगेत उभं करून, भोवती पोरांचा गलका चालू असताना मी जे ऐकलं नव्हतं ते आज स्पष्ट ऐकू आलं. ती माझी चूक झाली. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप अरुंद झाली आहे. थोडं अंतर पळायला त्याचं शरीर त्याला साथ देतं, कारण ते काम श्वास रोखून होतं. लांब पळताना रक्त पुढं सरकत नाही, मागं फुप्फुसात तुंबतं. आज तो पळाला असता आणि वर सामना खेळला असता तर काय झालं असतं ते मी तुम्हांला लिहीत नाही.

मी त्याला म्हणालो की मला पहिल्या तपासणीत शंका आली होती म्हणून पुन्हा बघितलं. त्यानं मान डोलावली. पण खोलीबाहेर आल्यावर त्याला कुंपणापाशी उभे असलेले तुमचे यजमान दिसले. तो थांबला आणि बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. त्यानं माझ्याकडं वळून एवढंच म्हटलं, "आपानं लिव्हलं न्हवं?" त्यानं बूट तिथंच सोडले आणि अनवाणी निघून गेला. कृष्णात नावाचा मुलगा दौडीची रांग सोडून त्याच्यामागं धावला, पण सिकंदरनं त्याला परत पाठवलं.

दुपारी कृष्णातची निवड जाहीर झाली. गणपतराव मला म्हणाले की इतकी वर्षं मुलं मोजली, पण इतका चपळ पाय त्यांनी पाहिला नव्हता. हे सिकंदरला आता सांगण्यात अर्थ नाही, तुम्हांला सांगतो.

हा आजार बरा होऊ शकतो. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात झडप मोकळी करण्याचं ऑपरेशन होतं. मी चिठ्ठी देऊन ठेवतो. तोपर्यंत त्यानं खेळता कामा नये. त्याला तयार करणं आता घरच्यांच्या हातात आहे.

आपला
धोंडीराम कांबळे

*

इचलकरंजी, १४ फेब्रुवारी

सिकू,
हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना तू उत्तर दिलं न्हाईस.

अब्बा परवा आलते. डॉक्टर त्यांना दुकानात येऊन सगळं सांगून गेले म्हणाले. छोटीला मांडीवर घेऊन बसले, च्या घेतला. जाताना एवढंच म्हणाले की तू जेवताना भिताडाकडं तोंड करून जेवतोस आणि मिरजेचं नाव काढलं की ताट सारून उठतोस.

मी तुझी माफी मागत न्हाय. मी परत तेच करीन. पण तुझं किती गेलं ते मला कळत न्हाय असं समजू नको. ह्यांनी मला सांगितलं, तू बूट सोडून चाललास तवा पोरं बाजूला सरून वाट देत व्हती, मयतीला देत्यात तशी. ह्यांना लई वाईट वाटलं. घरी आल्यावर म्हणाले, परत असलं काम मला सांगू नको.

मिरजेला जा. मी येते बरोबर.

आपा

*

कोल्हापूर, ११ एप्रिल

सलिमाआपास,
तुझी सगळी पत्रं मिळाली. आता पाठवू नकोस. एवढं एक लिहितो म्हणजे तुला बाहेरून कळायला नको.

कृष्णात मुंबईला गेला. त्याला गाडीवर सोडायला मी गेलो नाही. तालमीत मी गुडघा दुखावल्याचं सांगितलं, सगळ्यांनी ते मानलं. महिनाभर घरात बसून काढला. निवडणुकीच्या सभांपायी मैदान मिळालं नाही म्हणून तालमींचे सामने पुढं गेले होते. ते सुरू झाले तेव्हा वस्तादांनी विचारलं, गुडघा कसा हाय? मी म्हटलं, बरा आहे. तेव्हापासून खेळतोय, अब्बांचंही ऐकत नाही. तीन सामने झाले. मला काहीही झालेलं नाही. येत्या रविवारी फायनल आहे.

तालमीत डॉक्टर नसतो. तिथं कुणी छातीला नळी लावत नाही, खेळतो तो खेळतो. मुंबई तू घेतलीस. हे मैदान माझं आहे, हे मी कुणाला देणार नाही. आता वस्तादांना पत्र लिहायचं असेल तर लिही. त्यांना वाचता येत नाही, ते मलाच वाचून दाखवायला सांगतील.

सिकंदर

*

इचलकरंजी, १३ एप्रिल

सिकू,
ह्या बारीला मी कुणाला लिहिणार न्हाय. वस्तादांना न्हाय, डॉक्टरला बी न्हाय. मी तुला एका दारातनं वडून काढलं, तू दुसऱ्या दारानं आत गेलास. मी कितींदा वडू? तुझा जीव तुझ्याजवळ हाय, मी तो बटव्यात घालून ठेवू शकत न्हाय.

रविवारी मी येणार हाय. ह्यांना सांगितलंय, ते नको म्हणालेत, तरी येणार. छोटीला घेऊन बायकांच्या बाजूला बसणार. तुला मोठ्या मैदानावर खेळताना मी एकदा बी बघितलेलं न्हाय. तेवढं बघते.

आपा

*

कोल्हापूर, १८ एप्रिल

डॉ. कांबळे यांस,
सा. न. मी सिकंदर शिकलगार. जानेवारीतल्या शिबिरात आपण मला बाद केलं होतं. काल फायनलला काय झालं ते आपल्या कानावर आलं असेल, पण लोक काहीही सांगतात, म्हणून मीच लिहितो.

मी खेळायला नको होतं, हे आपण अब्बांना सांगितलं होतं आणि मला ते माहीत होतं. तरी खेळलो. पहिला गोल मी केला. तेव्हा मला वाटलं की तुम्ही सगळे खोटे आहात. मध्यंतरानंतर समोरच्यांनी बरोबरी केली. त्यानंतर मला छातीत पाणी खदखदल्यासारखं वाटायला लागलं. खोकला आला म्हणून तोंडावर हात धरला, तर तळहातावर गुलाबी फेस होता. मी तो चड्डीला पुसला. कुणी बघितलं नाही. तसाच खेळत राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग चेंडू माझ्याकडं आला. समोर एकटा गोलकीपर होता. माझी जागा, माझा पाय, सगळं बरोबर होतं. पण श्वासच येईना. बुडणाऱ्या माणसासारखं झालं. मी गुडघ्यांवर बसलो आणि चेंडू माझ्यापुढनं आपोआप गेला. चारी बाजूंनी लोक ओरडत होते. मला त्यांचं काही वाटलं नाही. डॉक्टर, मला भीती वाटली. आमची अम्मी स्वयंपाकघरात पडली तेव्हा मी उंबऱ्यात उभा होतो. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. माझं तेच चाललं होतं.

मी उठलो आणि चालत बाहेर आलो. मला कुणी काढलं नाही, मीच आलो. वस्ताद भाऊसोंपुढं हात उघडा केला. म्हटलं, "वस्ताद, गुडघा न्हवता. काळजाचं दुखणं हाय. मी लपवलं."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. राखीव बाळासोला माझ्या जागी आत पाठवलं आणि मला म्हणाले, "हितं माझ्याजवळ बस. हलायचं न्हाय." सामना संपेपर्यंत त्यांचा हात माझ्या मानेवर होता. आम्ही हरलो. आमच्याच लोकांनी मला शिव्या घातल्या, कुणी चप्पल फेकली. पैसे खाल्ले असंही कुणी म्हणालं. तेव्हा वस्ताद उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना माझं दुखणं मोठ्यानं सांगितलं. मी जे कुणाला कळू देत नव्हतो ते सगळ्या स्टेडियमला कळलं. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

रात्रीपासून मला आडवं झोपता येत नाही, पाठीला भिंत लावून बसावं लागतं. मिरजेची चिठ्ठी आपण दिली होती ती मी फाडली. दुसरी द्या. मी जाईन.

एक सांगायचं राहिलं. आपा काल मैदानावर होती असं अब्बा म्हणाले. मला ती दिसली नाही, आणि ती मला भेटली नाही. तिनं पत्र लिहिलं ते योग्य केलं हे मला समजतं. पण समजलं म्हणून काही होत नाही. मुंबई माझी होत आली होती. कृष्णात तिथं पहिल्या संघात खेळायला लागला. मी पेपर उलटा घालून ठेवतो. तिच्याशी मी बोलत नाही. तारखेचं काय ते अब्बांना कळवा.

आपला
सिकंदर शिकलगार

*

इचलकरंजी, ६ जुलै १९७७

डॉक्टर कांबळेसाहेब यांना,
सलिमाचा नमस्कार. आपण मिरजेला दोनदा येऊन गेलात, आपले उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही. तुम्हांला सगळं माहीत आहे, तरी घरचं कळवावं म्हणून लिहिते.

ऑपरेशनच्या दिवशी मी सकाळीच पोचले. सिकंदरला ढकलगाडीवर घालून नेत होते. अब्बा एका बाजूला चालत होते. मी दुसऱ्या बाजूला गेले तर त्यानं तोंड फिरवलं. पण जा म्हणाला नाही. दारापर्यंत मी तशीच चालत गेले. आत नेल्यावर आम्ही बाहेर जिन्यात बसलो. निशाण तालमीची पोरं रक्त द्यायला आली होती, वस्ताद त्यांना रांगेत उभं करत होते. ज्यानं चप्पल फेकली होती तोही त्यात होता, असं अब्बा म्हणाले. मुंबईहून कृष्णात आला होता. तो नुसता येरझाऱ्या घालत होता. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, फासळ्यांमधून बोट घालून झडप मोकळी केली, आता पोरगा श्वास घेतोय. अब्बांनी मला परत परत विचारलं, काय म्हणाले? मी परत परत सांगितलं.

आता तो कोल्हापुरात घरी आहे. जिना न थांबता चढतो. महिन्याची सुई अब्बा चुकवू देत नाहीत. त्याला खेळता येणार नाही हे त्याला सांगून झालंय. मागल्या महिन्यात अब्बांचा डोळा दाखवायला तोच त्यांना घेऊन गेला. गणपतरावांनी त्याला पत्र घातलं होतं, मुंबईला ये, मिलच्या दप्तरात काम बघतो म्हणून. त्यानं नको कळवलं. आता तो सहाणेवर बसतो. अब्बा म्हणाले, कात्रीला धार चांगली लावतो, पण गिऱ्हाइकाशी बोलत नाही. पुढं काय करणार ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

मी परवा माहेरी गेले होते. त्यानं दार उघडलं, छोटीला माझ्या कडेवरून घेतलं आणि तिला घेऊन गल्लीत गेला. जेवताना मी वाढलं, त्यानं खाल्लं. माझ्याकडं बघितलं नाही. निघताना मी म्हटलं, सिकू, जाते. त्यानं उत्तर दिलं नाही. छोटीला माझ्या हातात दिलं आणि माझी पिशवी उचलून माझ्यापुढं स्टँडपर्यंत चालत गेला. भराभर चालत होता, साहेब. मला त्याला गाठता येईना. मला दम लागला, त्याला लागला नाही.

सासूबाई म्हणतात, भाऊ असून अबोला, काय उपयोग. मी त्यांना म्हटलं, धरू दे की अबोला. अबोला धरायला माणूस जितं असावं लागतंय.

आपली
सलिमा